एक थेंब कमी नको!

करवंदगडच्या राजगोठ्यात दगडी हा कासेचा रोग शिरला! गाईची कास लाल व्हायची, तापायची, हात लावावा तर दगडासारखी कडक. दुधाऐवजी सडांतून फाटक्या दह्यासारख्या गाठी पडायच्या. हरणीचे दोन सड तर कायमचे गेले. धारा काढणारी सगुणा तिच्या गळ्यात हात टाकून ढसाढसा रडली.

राजे हैबतराव मात्र वेगळ्याच कारणानं चिडले होते. सकाळी धारोष्ण दूध, दुपारी बासुंदी, निजताना केशरी दूध, असा त्यांचा नेम. त्या दुपारी बासुंदी जेमतेम वाटीच्या तळाला लागली होती!

"बोलवा गुरांच्या वैद्यांना! आणि त्या गवळणीलाही!"

वैद्य दामोदरपंत धावतच आले. मागोमाग सगुणाही आली.

"महाराज, मी लस तयार केली आहे," वैद्य म्हणाले. "दगडीचे जंतू मारायचे आणि निरोगी गाईला टोचायचे."

"रोगच टोचायचा? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मेलेला रोग, महाराज! त्यानं गाईच्या अंगाला शत्रूची ओळख पटते. ते आतून तयारीला लागतं. उद्या खरा जंतू सडातून आत शिरला, की अंग त्याच्यावर तुटून पडतं!"

"हं. टोचल्यावर गाईला काही त्रास?"

दामोदरपंतांना खोटं बोलता येत नसे. "मानेवर गाठ येते. एखाददुसरा दिवस अंग तापतं. दूधही जरासं कमी..."

"कमी?" राजे ताडकन उठले. "आधीच वाटी रिकामी, त्यात आणखी कमी? मग ऐका माझा हुकूम! सगळ्या निरोगी गाईंना लस टोचा. पण टोचल्यामुळे एक थेंब जरी दूध कमी आलं, तर वैद्यबुवा, गड सोडून चालते व्हा!"

वैद्यांचा चेहरा पडला. सगुणानं पदर खोचला आणि ती पुढे झाली.

"महाराज, हे काम माझ्यावर सोपवा. एक थेंब कमी होणार नाही."

"आणि झाला तर?"

"वैद्यबुवांच्या मागून मीही गड उतरेन. पण कुठल्या गाईला कधी टोचायचं, ते मी ठरवणार."

"खुशाल ठरव! माझा कोठीवाला मापटं घेऊन उभा राहील. आदल्या दिवशीचं दूध मोजेल आणि नंतरचंही!"

बाहेर पडताच दामोदरपंतांनी कपाळाला हात लावला. "सगुणाबाई, काय कबूल करून बसलात! दूध घटलं तर?"

"घटेल तेव्हा बघू. तुम्ही सुई तयार ठेवा!"

सगुणानं गोठ्यातली ओल काढली, कोरडा पेंढा अंथरला. हात धुतल्याशिवाय कुणाला कासेला शिवू देईना. आजारी गाईंची धार सगळ्यांत शेवटी. आणि एके सकाळी तिनं सांगितलं, "आज चंद्रीला टोचा."

दुसऱ्या दिवशी चंद्रीच्या मानेवर गाठ आली. अंग तापलेलं, कान पडलेले. आता सगुणा हरली, म्हणून राजे खूश होऊन गोठ्यात आले.

"बघा, कशी मलूल झाली! कोठीवाले, काल हिचं दूध किती होतं?"

"काही नाही, महाराज."

"आणि आज?"

"आजही काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"गाभण आहे, महाराज," सगुणा म्हणाली. "केव्हाच आटली. आता लवकरच विईल. सांगा, काल होतं त्यापेक्षा आज एक तरी थेंब कमी आलाय?"

राजांनी वाकून चंद्रीचं पोट पाहिलं. "लबाड! आणि बाकीच्या दुभत्या गाई?"

"त्याही एकेक करून आटतीलच की! जिची वेळ येईल तिला टोचू. आणि वैद्यबुवा म्हणतात, दगडी गाठते ती बहुतेक विण्याच्या सुमारास. म्हणजे अंगातली फौज ऐन वेळेला तयार!"

"थेंबाचं जिंकलीस," राजे गुरगुरले. "पण लस कामाची आहे का, ते चंद्री व्याल्यावर बघू!"

चंद्री व्याली. टपोरी कालवड झाली. पण थोड्याच दिवसांत गोठ्यात पुन्हा दगडी आली. लस न टोचलेल्या तांबूची कास कडक झाली, ती चारा खाईना. पाठोपाठ चंद्रीचाही एक सड सुजला! वैद्य तिच्यापाशीच बसून राहिले. सगुणाही गोठ्यातून हलेना.

तांबूचा एक सड कायमचा गेला. चंद्रीची सूज मात्र उतरली, आणि पांढरीशुभ्र धार पुन्हा चरवीत वाजू लागली. तेवढ्यात राजे आले.

"सूज उतरली, ठीक. पण लस टोचली होती ना? मग दगडी आलीच कशी? हरली तुमची लस!"

सगुणानं धार थांबवली नाही. "महाराज, गेल्या साली शेजारचा राजा वेशीवर चालून आला होता ना?"

"आला होता! माझ्या फौजेनं दुपारच्या आत पिटाळला!"

"मग तो आलाच कसा, म्हणून फौजेला गडाखाली हाकललंत?"

"हाकलीन कशाला? एकेकाला सोन्याचं कडं दिलं!"

"मग चंद्रीच्या फौजेनं काय गुन्हा केला, महाराज?"

राजे असे गडगडून हसले, की कालवड दचकून आईच्या पोटाखाली शिरली! हसता हसताच त्यांनी हातातलं कडं काढून सगुणाच्या हातात घातलं आणि राजगोठ्याचा सारा कारभार तिच्याकडे सोपवला. दामोदरपंतांना भरजरी शाल मिळाली, आणि चंद्रीच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या!