चिलखताचे वजन

एकदा एक तरुण पाठशाळा अर्धवट सोडून कथाकार झाला. सोडली ते बरंच केलं. तिथले आचार्य तलवारीला एकवीस प्रतिशब्द शिकवत, पण त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात मूठ धरलेली नव्हती.

त्याने एक वीरकथा रचली. तिच्यात अग्नी ओकणारा सर्प होता, राक्षसांची सेना होती आणि साऱ्यांना पुरून उरणारा एक राजपुत्र होता. गडावरच्या शिबंदीसमोर ती त्याने मोठ्या उमेदीने वाचली. शिपाई हसले, तेही ऐन युद्धाच्या प्रसंगात. किल्लेदाराने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की खंडेनवमीला शस्त्रपूजेनंतर आणखी एक संधी मिळेल, पण त्या दिवशीही माणसं हसली तर गडावर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

तरुण मान खाली घालून आचार्यांकडे गेला. त्यांनी अलंकार वाढवायला सांगितले. मोठी माणसं स्वतःला येत नसलं की दुसऱ्याला अधिकच शिकवतात. शेवटी त्याने स्वतःच निदान केलं: सर्प कुणाला पटला नाही, तो काढून टाकावा.

पोथीतली ती पानं फाडण्याआधी मात्र तो गडाच्या पायथ्याशी एका वृद्ध शिकलगाराकडे गेला. साठ वर्षं हा म्हातारा शिपायांच्या हत्यारांना धार लावत आला होता. स्वभावाने खडूस, बोलणं तुटक. तरी भलेभले सरदार त्याच्यापुढे जमिनीवर बसत.

म्हाताऱ्याने युद्धाचा अध्याय डोळे मिटून ऐकला. मग उठून दुरुस्तीला आलेलं एक चिलखत तरुणाच्या अंगात चढवलं. डोक्यावर शिरस्त्राण ठेवलं, हातात ढाल दिली आणि समोरच्या बारवेकडे बोट केलं.

"खाली उतर. वर चढताना राजपुत्राचं भाषण म्हण. चाळीस जणांना मारल्यावर करतो ते."

"वस्ताद, माझ्या कथेत बारव नाही."

"दमही नाही. उतर."

उतरणं सोपं गेलं. चढताना सातव्या पायरीवर वृत्त मोडलं, विसाव्या पायरीवर शब्द संपले. ढालीचा हात आपोआप खाली आला. तो कसाबसा वर पोचला, तोच म्हाताऱ्याने एक बोथट तलवार उचलून त्याच्या खांद्यावर हाणली. तरुण कोसळला. चिलखताची एक कडीही तुटली नव्हती. हात मात्र बोटांपर्यंत बधिर झाला होता. त्याचा राजपुत्र असल्याच एका घावात चिलखतासकट माणूस उभा चिरत असे.

म्हाताऱ्याला शिव्या द्याव्यात असं तरुणाला वाटलं, पण तेवढा श्वास उरला नव्हता.

"सर्प काढू नकोस," म्हातारा त्याच्याजवळ बसत म्हणाला. "सर्प कुणी पाहिलेला नाही, म्हणून तू सांगशील तसा तो असेल. तलवार त्यांनी पाहिली आहे. तिच्याबद्दल खोटं बोललास, की सर्पही खोटा ठरतो. आणि तुझ्या राजपुत्राला काही जड वाटत नाही, काही लागत नाही. मग त्याला शूर कशासाठी म्हणायचं? हात खाली येतो आणि तरीही जो ढाल वर उचलतो, तो शूर."

सहा वर्षांच्या पाठशाळेत इतकं खरं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज येऊन चिलखत चढवू लागला. राजपुत्राचं भाषण तीन शब्दांवर आलं. चाळीस शत्रूंचे दोन झाले, आणि त्या दोघांनी त्याला पुरतं दमवलं.

खंडेनवमीला झेंडूच्या फुलांखाली शस्त्रं मांडली होती. तरुणाने वाचायला घेतलं. कुणी हसलं नाही. सर्प फूत्कारत आला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनी पाय आखडून घेतले.

वाचन संपल्यावर एक जुना जमादार, कान तुटलेला, त्याच्याजवळ आला.

"बरोबर सांगितलंस," तो म्हणाला. "एक राहिलं. लढाई संपली तरी मूठ सुटत नाही. दुसऱ्याने आपली बोटं एकेक करून उघडावी लागतात."

महिन्याभरापूर्वी असं कुणी सांगितलं असतं, तर तरुण भांडला असता. आता त्याने सरकून जमादाराला बसायला जागा दिली आणि बोरू शाईत बुडवला.

"आधी कुठलं बोट सुटतं, मामा?"