रामजी कासारांचा उजवा हात

"...मग माणसं उठत का नाहीत, गुरुजी? पुस्तकात आहे ते सगळं मी इथं लावलंय."

शिष्य विमलानंदांना विचारत होता. मठाच्या ओसरीवर ते शेंगा सोलत बसले होते.

भगवी वस्त्रं घालण्याआधी ते डॉक्टर होते. पक्षाघाताने पडलेल्या माणसाला उभं कसं करायचं, हे जिल्ह्यातले निम्मे डॉक्टर त्यांच्याकडे शिकले. मठाच्या मागे त्यांनी दवाखाना काढला. आता तो त्यांचा शिष्य चालवत होता, डॉक्टर सौमित्र गुळवणी.

शिष्य हुशार होता. आपण हुशार आहोत हेही त्याला ठाऊक होतं.

पक्षाघातानंतर रोग्याला पुन्हा हिंडतंफिरतं कसं करावं, याच्या मार्गदर्शक सूचना असतात. जाणत्या डॉक्टरांनी अभ्यासाने ठरवलेल्या. सौमित्रने त्या मराठीत आणल्या. प्रत्येक खाटेच्या वर लावल्या. नर्सबाईंकडून पाठ करून घेतल्या.

घरच्यांना उपचारात सामील करा, असं त्यात होतं. सौमित्रने ते असं केलं: जो नातेवाईक उत्तम सेवा करील त्याचा दर गुरुवारी सत्कार. शाल आणि नारळ.

वॉर्डात चढाओढ लागली. कुणी बापाची बटणं लावी, कुणी आईचे दात घाशी. रोग्याला कुशीवर वळायचं झालं तरी चार हात धावून येत.

रत्नाला दोनदा नारळ मिळाला होता.

तिचे सासरे रामजी कासार. बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. त्यांनी भरलेली बांगडी हातात कधी फुटली नाही, असं बायका सांगत. त्यांची उजवी बाजू गेली. मग हात थोडा परतला. सकाळी व्यायामाच्या खोलीत ते त्याच हाताने लाकडी खुंट्या उचलून भोकांत बसवत. डॉक्टर शाबासकी देई. खाटेवर परत आले की तोच हात मांडीवर पडून राही. पुढचं सगळं रत्ना करी.

उद्या मुलगा न्यायला येणार होता. दुकान भाड्याने द्यायचं, मागच्या खोलीत खाट टाकायची, असं घरात ठरलं होतं. रामजींच्या देखत ठरलं. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडत.

सौमित्रने गुरूला हे सगळं सांगितलं. रामजींत यापुढे सुधारणा नाही, असा निकालही सांगितला.

"माझं काही राहिलं असेल तर दाखवा," तो म्हणाला.

विमलानंदांनी टरफलं झटकली.

"जेवायची वेळ झाली. चल."

वॉर्डात ताटं वाढली होती. पिठलं आणि भाकरी. विमलानंदांनी सौमित्रला रामजींच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसवलं. एक ताट स्वतःच्या हातात घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि शिष्याच्या तोंडापुढे धरला.

सौमित्रला वाटलं, प्रसाद. त्याने हात जोडून घास घेतला.

दुसरा घास आला. तोही घेतला.

तिसऱ्या घासानंतर विमलानंदांनी आपल्या छाटीने त्याच्या मिशा पुसल्या. वॉर्डात कुणीतरी खुदकन हसलं.

"गुरुजी, बास."

चौथा घास आला. "आ कर," विमलानंद म्हणाले.

पलीकडच्या खाटेशी बसलेली म्हातारी नवऱ्याला भरवायची थांबली होती. या गुरुवारचा नारळ बाबांनाच द्यावा लागतोय, असं ती मोठ्याने म्हणाली. आता सगळेच हसले. नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला.

सौमित्रचे कान तांबडे झाले. विमलानंदांनी पाण्याचा तांब्या उचलला, त्याची हनुवटी वर केली आणि पाणी ओतलं. ते त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

सौमित्रने गुरूचं मनगट धरलं.

"मला हात आहेत."

...

विमलानंदांनी ताट खाली ठेवलं. मागे वळले.

रामजी भिंतीकडे तोंड करून नव्हते. ते बघत होते. वाकड्या ओठाने हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

विमलानंदांनी त्यांना उठवून बसवलं. पाठीशी उशी दिली. ताट मांडीवर ठेवलं. गिळायला त्यांना त्रास नव्हता; ते डॉक्टरनेच तपासलं होतं.

रत्ना पुढे आली. विमलानंदांनी तिला अडवलं.

ती घाबरली. सासऱ्याला उपाशी ठेवून सून बघत बसली, असं लोक म्हणतील, तोंडात शेण घालतील, असं ती म्हणाली. मामंजींचा हात चालत असता तर मी कशाला भरवलं असतं, असंही म्हणाली.

"बस," विमलानंद म्हणाले. "नावं मला ठेवू देत."

ती बसली. पदराचं टोक मुठीत धरून बसली.

रामजींचा उजवा हात ताटाशी आला. भाकरी निसटली. पुन्हा धरली. पिठलं गादीवर सांडलं. हात वर निघाला, निम्म्यात अडकला, थरथरला, खाली पडला.

सौमित्र उठला. विमलानंदांनी त्याला सदरा धरून खाली बसवलं.

...

हात पुन्हा निघाला. या वेळी रामजींनी मानही खाली आणली. घास ओठाला लागला. अर्धा दाढीवर राहिला, अर्धा आत गेला.

रामजींनी तो सावकाश चावला. सगळा वॉर्ड त्यांचं चावणं बघत होता.

मग पलीकडच्या म्हातारीच्या नवऱ्याने तिच्या हातातली भाकरी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो एकटाच परत गेला. सौमित्रने निकाल मागे घेतला आणि गुरुवारचा सत्कारही बंद केला. घरच्यांना कधी हात द्यायचा आणि कधी नाही, हे तो खाटेशी बसून दाखवू लागला. आता व्यायाम ताटावर होई, मोरीत होई, सदऱ्याच्या बटणांवर होई. जेवायला वेळ लागे. चादरी जास्त धुवाव्या लागत. धुणारे कुरकुरले. सौमित्र हटला नाही.

रत्नाने दुकानातून बांगड्या आणल्या. रामजी तिचाच हात धरून भरायला बसत. पुष्कळ फुटल्या. तिला ओरखडे आले. एका दुपारी हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकली आणि मनगटावर अखंड उतरली. रत्ना हात वर करून वॉर्डभर फिरली. प्रत्येकाला दाखवली. नर्सबाईंनी लगेच आपला हात पुढे केला. रामजींनी तो दाबून पाहिला आणि माप सांगितलं. जीभ जड होती, पण माप बरोबर होतं.

रामजी निघाले त्या दिवशी मुलगा दुकानाच्या किल्ल्या घेऊन आला. त्याने त्या बापाच्या हाती दिल्या. रामजी काठी टेकत, स्वतःच्या पायांनी वॉर्डातून चालले. खाटांवरून लोक नावाने हाका मारत होते. रत्नाच्या दोन्ही हातांत बांगड्या वाजत होत्या.

सौमित्रची छाती फुगली. तो लगबगीने पुढे गेला आणि दवाखान्याचं दार उघडून धरलं. गुरूकडे पाहिलं.

"आता तर काही राहिलं नाही ना, गुरुजी?"

विमलानंद आले. त्यांनी दार त्याच्या हातातून सोडवलं. लोटलं. आतून कडी घातली आणि बाजूला झाले.

...

"रामजी, जा घरी."

रामजींचा उजवा हात कडीकडे गेला.