पाण्याच्या पुढे पळणारी ठमा

आपल्या पणज्यांच्या पणज्यांनीसुद्धा जी नुसती कानांनी ऐकली होती, अशी ही गोष्ट आहे. तेव्हा ती खरी का खोटी, हे मला विचारू नका. वेळणी नदी तेव्हाही होती, काठावरचं वाळवंडे गाव होतं, आणि दूर डोंगराच्या माथ्यावर उंबरमाळ नावाची कोळ्यांची वाडीही होती. एवढं धरून चाला आणि पुढचं ऐका.

उन्हाळा लागला की वेळणी आटायची. पात्रातली पांढरी वाळू उघडी पडायची आणि मधून पाण्याची एक बारीक धार तेवढी राहायची. मग वाळवंड्याचे भोई बायकापोरांसकट त्या वाळूतच राहायला उतरायचे. खोपी बांधायचे, वाळूत खड्डे करून शेणखत भरायचे आणि कलिंगडं, काकड्या, खरबुजं लावायचे. वैशाखात सगळं पात्र वेलांनी हिरवं होऊन जायचं. असं म्हणतात, की तिथल्या कलिंगडाला सुरी नुसती टेकवली तरी ते आपणहून उलायचं.

भीती एकच होती. वर डोंगरात वळीव कोसळला की ते पाणी नदीतून खाली यायचं, आणि खाली तर लखलखीत ऊन असायचं. ढग दिसायचा नाही, गडगडाट ऐकू यायचा नाही. माणूस निवांत वेलाशी बसलेला असायचा आणि वळणावरून लाल पाणी अंगावर यायचं. एका वर्षी अशा अकरा खोपी माणसांसकट गेल्या. तेव्हापासून उंबरमाळच्या एका घराकडे काम आलं. वर पाऊस झाला की पळत जायचं आणि खाली सांगायचं. नदी सात वळणं घेत हिंडत यायची, तर डोंगराच्या सोंडेवरची पायवाट सरळ उतरायची. पळणारा दमाचा असला तर पाण्याच्या आधी घटकाभर पोचायचा.

त्या घरातला लुमाजी वीस वर्षं पळाला आणि मग त्याचा गुडघा गेला. त्याला मुलगा नव्हता. एक मुलगी होती, ठमा. चौदा-पंधराची, काटकुळी, बोलायला कमी. एका वैशाखात डोंगरावर आभाळ फाटलं, तेव्हा लुमाजी उंबऱ्यात बसून गुडघा चोळत राहिला आणि ठमाने कासोटा घट्ट खोचला.

"बा, मी जाते."

"वाट ठावं हाय का तुला?"

"तुझ्यामागनं हिंडलेय की."

"मग बोलत काय बसलीस?"

ठमा निघाली. आता ती कशी पळायची हे सांगणाऱ्या शंभर तोंडांच्या शंभर तऱ्हा आहेत. असं म्हणतात, की तिच्या पायाखालची धूळ उडेपर्यंत ती पुढच्या झाडाशी पोचलेली असायची. असं म्हणतात, की तिची सावली मागे पडायची आणि एखाद्या करवंदीच्या जाळीशी बसून दम खायची. मी एवढंच सांगतो, की त्या दिवशी लुमाजी जिथे घटकाभर आधी पोचायचा, तिथे ठमा दोन घटका आधी पोचली. वाळूत उभी राहून ती ओरडली, "पानी आलं! वर पळा!" लोकांनी पोरं उचलली, भांडी उचलली, म्हातारीकोतारी उचलली आणि काठ चढले. पाणी आलं, खोपी गेल्या, वेल गेले. माणूस एकही गेला नाही. कोंबडीसुद्धा गेली नाही.

लोकांना आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. कुणी तिला कवेत घेतलं, कुणी दृष्ट काढली. शिदबा भोई म्हणून एक होता, ढोल वाजवायचा, मनाने लोण्यासारखा आणि तोंडाने आभाळाएवढा. त्याने तिथल्या तिथे ठमाच्या नावाचं गाणं रचलं. ठमाला एक पाटीभर काकड्या दिल्या आणि चौघं जण तिला अर्ध्या वाटेपर्यंत पोचवायला गेले. खोटं कशाला सांगू, ठमाला ते आवडलं. घरी जाऊन तिने ते गाणं बापाला दोनदा म्हणून दाखवलं.

पण लोकांचं प्रेम तिथे थांबेना. शिदबा रोज नवं कडवं जोडायचा, आणि प्रत्येक कडव्यात ठमा आणखी जोरात पळायची. गावातल्या पोरी तिच्यासारखा कासोटा खोचू लागल्या. तीन कालवडींचं नाव ठमा ठेवलं, त्यामुळे एकीला हाक मारली की तिघी यायच्या. बाळंतिणीच्या उशाशी तिच्या पावलाखालची वाळू पुरचुंडीत बांधून ठेवू लागले. आणि मग वाद निघाला, की ठमा पळायला लागते तेव्हा पहिलं पाऊल कुठलं टाकते? अर्धं गाव म्हणालं उजवं, अर्धं म्हणालं डावं. हसू नका. त्यापायी दोन सोयरिकी मोडल्या आणि सख्ख्या जावा वेगळ्या चुली मांडून बसल्या. ठमाला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या वैशाखात पुन्हा वर पाऊस झाला. सोंडेवर धुळीचा लोट दिसला आणि कुणीतरी ओरडलं, "ठमा आली! ठमा!" आधीच्या काळी असा लोट दिसला की माणसं पोरं उचलायची. आता काठावर जी होती तीही धावत वाळूत उतरली, कारण पायवाट वाळूतच येऊन संपायची आणि जवळून बघायचं तर तिथेच बघायला मिळणार. ज्यांचा वाळूशी संबंध नव्हता ते कुंभार आले, सुतार आले, वरच्या आळीचे वाणीही आले. दोन्ही बाजूंनी रांगा लागल्या. शिदबाने ढोल धरला.

ठमा धापा टाकत आली आणि ओरडली, "पानी आलं!" ढोलात ते कुणाला ऐकू गेलं नाही. ज्यांना ऐकू गेलं ते एकमेकांना म्हणाले, "आवाज बघा पोरीचा, कसा ठणठणीत!" पाच सवाष्णी पुढे झाल्या. त्यांनी तिला पाटावर उभं केलं आणि तिचे पाय धुवायला घेतले. "अवो सोडा! पानी आलंय!" ठमा म्हणत होती, आणि त्या म्हणत होत्या, "जरा दम खा गं बाई, पायाला किती कुसळं लागलीत." उजवेवाले आणि डावेवाले मान वाकडी करून ती पाटावरून कुठल्या पायाने उतरते ते बघत होते.

पाणी वळणावर दिसलं तेव्हा पळापळ झाली. माणसं कशीबशी काठाला लागली. धारेजवळच्या शेवटच्या खोपीत गोदाक्का नावाची आंधळी म्हातारी होती. तिला कुणी आणलं नाही. जो तो समजला की दुसऱ्याने आणली असेल. ठमाला ती खोप पाटावरून दिसत होती, पण तिचे पाय दोन बायांच्या हातांत होते. काठावर ती ऊर फुटेस्तोवर रडली. शिदबाही रडला, आणि डोळे पुसत सगळ्यांना म्हणाला, "ठमा व्हती म्हनून येकच गेलं." लोकांनी माना हलवल्या. त्या वर्षी गाण्यात तेही कडवं आलं.

ठमा घरी गेली आणि बापापुढे बसली.

"बा, त्ये मला बघत्यात. मी काय सांगते त्ये ऐकत न्हाईत. मी न्हाई जायाची आता."

"मग त्येंना सांगनार कोन?"

पुढच्या वेळी डोंगरावर थोडं शिंतडलं तेव्हा तिने चुलतभावाला, गेनूला, पाठवलं. गेनूही बरा पळायचा. वाळवंड्याच्या लोकांनी त्याला गूळपाणी दिलं, ठमा काय खाते, कधी निजते ते विचारून घेतलं आणि पुन्हा वेलांकडे वळले. एकाही खोपीतलं चिरगूट हललं नाही. नशिबाने त्या दिवशी पाणी घोट्याएवढंच आलं. झालं, गावाने पक्कं ठरवून टाकलं, की ठमा आली तरच पाणी खरं. म्हणजे ती गेली नाही तर लोक वाळूतून उठणार नव्हते, आणि गेली तर काठावरचेही वाळूत उतरणार होते. ठमाने वर्षभर हे डोक्यात घोळवलं. तिची भाकरी अर्धीच राहायची.

मग तो दिवस आला. उंबरमाळवर दुपारी अंधार झाला. असं म्हणतात, की पाऊस असा पडला की पाखरांना झाडावर बसायला कोरडी डहाळी उरली नाही आणि ती माणसांच्या घरात शिरून उतरंडीवर बसली. ठमाने कासोटा खोचला आणि निघाली. तिच्या डाव्या हाताला नदीचा आवाज येत होता. पहिल्या वळणाला तो मागे होता. तिसऱ्या वळणाला तो बरोबरीला आला. ठमाने दात आवळले आणि अशी पळाली, की पाचव्या वळणाला तो आवाज पुन्हा मागे पडला.

वाळवंड्याच्या वर एका आंब्यापाशी वाट फुटायची. एक फाटा खाली वाळूत जायचा, दुसरा गावामागच्या बोडक्या टेकडीवर. ठमा आंब्यापाशी पोचली आणि थांबली. सोंडेवरचा धुळीचा लोट बघून खाली सगळं गाव वाळूत उतरलं होतं. वाटेवर रांगोळी होती. वैशाख लागल्यापासून उभ्या केलेल्या दोन कमानी होत्या, एक उजव्यांची, एक डाव्यांची. मधोमध पाट मांडलेला होता आणि ढोल वाजत होता. ठमाने तोंडाभोवती हात धरून हाक दिली. ढोल आणखी जोरात वाजला, कारण ती दिसली होती.

ठमाने खालचा फाटा सोडला आणि टेकडी चढायला लागली.

खाली ढोल गपकन थांबला. "आगं हिकडं! हिकडं!" बाया ओरडल्या. शिदबाने कपाळावर हात धरून बघितलं. "आरं, ती वर चालली!"

"वर काय हाय?"

"काय का असंना! बघत काय ऱ्हायलाय, चला!"

आणि सगळं गाव टेकडीकडे धावत सुटलं. आरतीची ताटं घेऊन सवाष्णी धावल्या. उजवेवाले आणि डावेवाले एकमेकांना ढकलत धावले. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती त्यांनी ती पाठुंगळीला मारली, कारण आता म्हाताऱ्यांना दर्शन पुन्हा कधी घडणार? ज्यांना पाणी येतंय म्हणून कुणी उचललं नव्हतं, त्यांना ठमा दिसावी म्हणून उचललं.

ठमा माथ्यावर पोचली, पण थांबली नाही. थांबली असती तर मागचे वाटेतच थांबले असते. ती माथ्याला घेरा घालून पळत राहिली. प्रत्येक फेरीत नदीच्या अंगाला आली की खाली बघायची, वाळूत कोण उरलंय. असं म्हणतात, की तिने एकवीस फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला तिची सावली खाली बसली ती उठलीच नाही. विसाव्या फेरीलाही एका खोपीतून धूर येत होता. कुणी बाई चुलीवर कालवण ठेवून बसली होती. ठमाचे पाय रक्ताळले होते, छाती भात्यासारखी चालली होती. तिने एकविसावी फेरी घेतली. मग ती बाई पदराला हात पुसत बाहेर आली, सगळे कुठे गेले म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि पातेलं तसंच टाकून टेकडीकडे पळत सुटली. ती अर्ध्या चढाला लागली, तेव्हा ठमा खाली बसली.

तेवढ्यात पाणी आलं. तसं पाणी आधी कुणी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. खोपी, वेल, कमानी, रांगोळी, पाट, ढोल, सगळं एका दमात गेलं. पाणी काठ ओलांडून खालच्या आळीत शिरलं आणि टेकडीच्या पायथ्याला लागलं.

शिदबा ठमाजवळ आला आणि तिच्या पायाकडे वाकला. ठमाने पाय मागे घेतले.

"पायाला हात लावू नका, शिदबाकाका."

"मग काय करू, लेकी? सांग. काय म्हनशील त्ये करतो."

"मी दिसले की वर पळायचं. माझ्याकडं बघायचं न्हाई."

"येवढंच?"

"येवढंच तर सांगत आले. त्येवढं सोडून सगळं केलंत तुम्ही."

शिदबाने मान खाली घातली. असं म्हणतात, की त्याने पुन्हा ढोल मढवला नाही आणि गाणं कुणी म्हणू लागलं तर तो उठून जायचा. त्या गाण्याची एक ओळही आज कुणाला येत नाही. ठमाचं पुढे काय झालं, तर काही जण सांगतात की ती त्याच टेकडीवरून ढगात गेली. ते काही खरं नाही. तिचं लग्न झालं, पोरं झाली, ती म्हातारी झाली आणि शेवटी शेवटी काठी टेकत चालायची. कुणी पाया पडायला आलं की तीच काठी उगारायची, असंही म्हणतात, आणि यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

वाळवंड्यात तिचं देऊळ नाही, समाधी नाही. पण दर वैशाखात, वाळूतले वेल भरात आले की एक दिवस, पाऊस नसतानाही, उंबरमाळची एक पोरगी सोंडेवरून पळत येते. धुळीचा लोट दिसला की गाव हातातलं काम टाकतं. चुलीवरची भाकरी चुलीवर राहते, दाढी करणाऱ्याची दाढी अर्धी राहते. म्हातारी माणसं पाठुंगळीला घेऊन सगळे पाठ फिरवून टेकडी चढतात. मागे वळून कुणी बघत नाही. लहान पोरांनी वळून बघितलं तर आया त्यांची तोंडं पुढे करतात.

ती पोरगी वाळूत पोचते तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. ती खोपी-खोपीत डोकावते आणि मग मधोमध उभी राहून हाक देते, "हाय का कुनी?" तीनदा हाक देते. तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, की ती समाधानाने कासोटा सैल करते आणि चालत टेकडी चढू लागते.