मोहाच्या पाचोळ्यातली परी

सोमारीच्या घरात माणसं दोन, ती आणि तिची आई, आणि मोहाचं झाड एकच. उन्हाळा लागला की त्यावरून पिवळी, रसरशीत फुलं टपटप पडायची. ती विकून वर्षभराचं तेल-मीठ यायचं. पण यंदा आईचा पाय मोडला, आणि वेचायला उरले सोमारीचे इवलेसे हात.

गावातले सगळे मोहाखालचा पाचोळा पेटवून द्यायचे. जमीन साफ झाली की फुलं चटकन दिसतात ना! सोमारी मात्र काडी लावायची नाही. पाचोळ्यात किडामुंगीची घरं, पाखरांची अंडी. ती एकेक पान उचलून फूल शोधायची.

"अगं पोरी, अशानं तुझी टोपली दिवाळीला भरेल," शेजारचे दलसूकाका हसायचे.

एका सकाळी तिनं पान उचललं, तर खाली चक्क बोटाएवढी परी! मोरपिशी पंख, सोनेरी केस, पायांत दवाचे पैंजण.

"तू काडी लावली असतीस तर मी उरलेच नसते," परी म्हणाली. "हिरवी डहाळी धर आणि माग. पण नियम ऐक हं. एका माणसाला एकच डहाळी, एका डहाळीला एकच काम."

'आईचा पाय बरा होऊ दे' असं सोमारीच्या ओठांवर आलं, तोच डोंगराकडून धूर आला. दलसूकाकांनी लावलेली आग वाऱ्यानं रानात शिरली होती. सोमारीनं हिरवी डहाळी धरली आणि डोळे घट्ट मिटले.

"रान वाचू दे."

डहाळीतून चंदेरी थेंब उडाले आणि एक झाड विझलं. एकच! बाकीचं रान पेटलेलंच. आणि इच्छा तर संपली. सोमारीला रडूच आलं.

"डहाळ्या पुष्कळ आहेत गं," परी म्हणाली, "माणसं कमी पडतायत."

सोमारी धावत सुटली. हाकेसरशी सारं गाव आलं. सगळ्यांनी डहाळ्या धरल्या, फक्त दलसूकाका मागे राहिले.

"आग माझ्याच हातची. मी कुठल्या तोंडानं मागू?"

सोमारीनं त्यांच्या हातात डहाळी दिली. "त्याच हातानं मागा, काका."

मग काय! शंभर डहाळ्या एकदम हलल्या, रानभर चंदेरी सर झिमझिमली आणि आग विझली. गाव करील ते राव काय करील!

काठी टेकत आई सर्वांत शेवटी पोचली. तिची डहाळी तशीच उरली होती.

"वहिनी, पायाचं मागा," दलसूकाका म्हणाले.

आईनं लेकीकडे पाहिलं. "माझ्या सोमारीची टोपली भरू दे."

परी खुदकन हसली. "टोपली भरायला वेचणारी आई हवी की!" लखकन सोनेरी उजेड पसरला. तो ओसरला तेव्हा परी नव्हती, आणि आईची काठी जमिनीवर पडली होती. आई दोन्ही पायांवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी गावात कुणी पाचोळा पेटवला नाही. मोहाखाली जुनी लुगडी अंथरली, फुलं अलगद त्यांवर पडली. पहिलं लुगडं दलसूकाकांनी आणलं, आणि ते सोमारीच्या झाडाखाली अंथरलं.