दरडीखालची बैठक

जंगलात कंत्राटं देण्याची पद्धत नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. दरडीखाली नवी गुहा खोदायचं काम सिंहाने अस्वलाला दिलं. अस्वलाने ते साळिंदराला दिलं आणि साळिंदराने उंदरांना.

अस्वल मोठं शिस्तीचं. लांब आंब्याखाली बसून नोंदी करणाऱ्या त्याच्या माकडांच्या डोक्यावर नारळाच्या करवंट्या असत. दरडीखाली खोदणारे उंदीर मात्र बोडकेच.

"साहेब, वरचा दगड हलतोय," उंदरांची मुकादम ठमी अस्वलाला म्हणाली.

"मला काय सांगतेस? साळिंदराला सांग. तुम्ही माझ्या हजेरीपटावर नाही."

साळिंदर म्हणालं, "माझ्याकडे फक्त खोदाई. दगडाचं अस्वलसाहेब बघतात."

सिंह पाहणीला आला, तेव्हा ठमीने त्यालाही सांगितलं. सिंहाने मिशी पुसली. "अस्वलराव, आजपासून तुमची बैठक इथेच, उंदरांशेजारी."

अस्वलाने एकावर एक तीन करवंट्या चढवल्या, दरडीखाली बूड टेकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वर पाहिलं.

"अगं आई गं! दगड हलतोय! काम बंद! सगळे बाहेर!"

ठमीने आधी आपले सगळे उंदीर बाहेर काढले. मग मागे वळून म्हणाली, "मला काय सांगता, साहेब? साळिंदराला सांगा."