भिंतीवरचा खुराक

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की घाटातल्या वडाच्या पारंब्या तेव्हा जमिनीला टेकल्याही नव्हत्या. घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. सात वळणं चढून वर गेलं, की धनगरांची वस्ती लागायची.

गावात एक तालीम होती. तालमीचा वस्ताद आता म्हातारा झाला होता, आणि आपल्यामागं तालीम कोणाच्या हाती द्यावी, हा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. त्याच्या थोरल्या पठ्ठ्याला मात्र यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. तो होताच की! दंड भरलेले, मान रुंद, आणि तालमीच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेला खुराक तोंडपाठ. शंभर जोर, दोनशे बैठका, शेरभर दूध, पावशेर बदाम, वाटीभर तूप. कोणीही तालमीत आलं, की थोरला त्याला भिंतीपुढं उभं करून हे ठणठणीत आवाजात वाचून दाखवायचा. ते कोणी लिहिलं, कधी लिहिलं, हे कोणीच विचारलं नव्हतं. भिंतीवर होतं, म्हणजे खरं होतं.

एके दिवशी त्याला राहवेना. "वस्ताद, आता तालीम माझ्याकडं द्या की."

"देतो," वस्ताद म्हणाला. "पण आधी एक माणूस घडवून दाखव."

"कोणता पैलवान देता?"

"पैलवान न्हाई. आपली सुईण."

पठ्ठ्याला हसू आलं, पण वस्ताद हसत नव्हता. सुईण साठीला आलेली. अर्ध्या गावाला तिनंच जगात आणलं होतं, या पठ्ठ्यालासुद्धा. हल्ली मात्र घाट तिला झेपत नसे. गेल्या साली वस्तीवरून बोलावणं आलं, तेव्हा ती तिसऱ्या वळणावर धापा टाकत बसली, आणि वर पोचेपर्यंत बाळ गेलं. गावानं तिला बोल लावला नाही. तिनं स्वतःला मात्र माफ केलं नव्हतं. आता वस्तीवरच्या त्याच बाईला पुन्हा दिवस गेले होते. बाळंतपण आपल्याच चुलीजवळ व्हावं, असा वस्तीचा रिवाज. आणि घाटाची वाट इतकी अरुंद, की डोली वळत नाही. तीन महिने हातात होते.

"तीन महिने कशाला? महिन्यात पळवतो तिला," पठ्ठा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो सुईणीच्या दारात हजर. तिनं तोंड उघडण्याआधीच त्यानं खुराक वाचला. बिचारीनं दात-ओठ खाऊन बैठका मारल्या, नाक दाबून दूध-तूप घशाखाली घातलं. गरज तिलाच होती ना! तिसऱ्या दिवशी तिचे गुडघे टम्म सुजले आणि पोटानं असा काही दंगा केला, की ती आठ दिवस खाटेवर पडली.

"पैलवान," ती कण्हत म्हणाली, "बाईला कळा सोसायला लावायचं काम माझं हाय. तू कशाला त्यात पडलास?"

पठ्ठा तडक वस्तादाकडं गेला. "म्हातारीत दमच नाही, वस्ताद. दुसरं कोणी द्या."

"तिनं तुला काय काय सांगितलं?"

"कशाबद्दल?"

"मग तू तिला काय काय इचारलंस?"

पठ्ठ्याला एकही प्रश्न आठवेना. वस्तादानं सुस्कारा सोडला. "ती खाटेवरनं उठली, की आठ दिवस तिच्या मागं हिंड. तोंड उघडायचं ते इचारायला. सांगायला न्हाई."

एवढा मोठा पैलवान, आणि सुईणीच्या मागं हिंडायचं! पहिले दोन दिवस तो तोंड पाडून हिंडला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मावशी, चढताना आधी पाय थकतात का दम लागतो?" सुईण थबकली. हा विचार तिनंही कधी केला नव्हता. "दम," ती म्हणाली. "पाय तर दिवसभर चालत्यात की." आता पठ्ठ्यालाच गंमत वाटू लागली. मग बैठका कशाला मारायला लावल्या आपण? दम लागतो तो कुठं? पहिल्या वळणावर, का तिसऱ्या? तो तिच्यासोबत घाटाकडं गेला, आणि पाहतो तर काय, ती पायथ्यापासूनच वाघ मागं लागल्यासारखी धावत सुटली. गेल्या सालची धास्ती तिच्या पायांत भरली होती.

चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही खाता काय?"

"समद्यांचं झाल्यावर उरंल ते."

"आणि नाहीच उरलं तर?"

सुईण हसली. "तांब्याभर पाणी पिते. सवय हाय."

पठ्ठा हसला नाही. तालमीत पावशेर-पावशेर बदाम फुटत होते, आणि ही बाई उपाशीपोटी घाट चढत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. मग सुईण जरा वेळानं म्हणाली, "जलमभर मीच लोकांना इचारत आले, 'बाई, कुठं दुखतंय?' मला इचारणारा तू पयलाच." आणि पदरानं डोळे पुसत ती पुढं चालू लागली.

त्या संध्याकाळी पठ्ठा तिच्या सुनेशी बोलला. सून कावरीबावरी झाली. "आत्याबाई, तुमी कधी बोलला न्हाई!" दुसऱ्या दिवसापासून सुईणीचं ताट सर्वांच्या बरोबरीनं वाढलं जाऊ लागलं. भाकरी, मटकीची उसळ, भाजी, वर ताक. घाटाला निघण्याआधी थोडं खायचं, आणि ओटीत गूळ-फुटाणे ठेवायचे.

चढायचं किती वेगानं, हे कसं ठरवावं? दळताना ती ओव्या म्हणते, हे पठ्ठ्यानं ऐकलं होतं. तो म्हणाला, "मावशी, ओवी म्हणत चढा. ओवी मध्ये तुटली, की पाय आवरा." पहिले काही दिवस एकच वळण. मग दोन. एक आठवडा त्यानं तिला रोज चढवून पाहिलं, पुढचा आठवडा दिवसाआड, आणि ती जिथवर पोचली तिथं वाटेवर खडा ठेवला. दिवसाआडचे खडे वर सरकत होते, रोजचे जागच्या जागी होते. पठ्ठा त्या खड्यांकडं बघत बसून राहिला. ताकद घाट चढताना येतच नाही की काय? चढून आल्यावर जेवून, निवांत झोपलं, की मग येते? असलं काही भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

असे दोन महिने सरले. सुईण सहाव्या वळणापर्यंत जाऊ लागली. सातवं बाकी होतं, आणि एका सकाळी वस्तीवरचा माणूस पळत आला. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या.

पठ्ठा आखाड्यातून तसाच उठला, सुईणीचं गाठोडं खांद्यावर टाकलं आणि ताडताड पुढं निघाला. चौथ्या वळणावर त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तो मटकन खाली बसला. मागून ओवी ऐकू आली, आणि तिच्यामागून सुईण.

"काय रं, सकाळपास्नं काय खाल्लंस?"

"काही नाही, मावशी. कसरत झाली आणि तसाच आलो."

तिनं ओटीतले गूळ-फुटाणे त्याच्या तळहातावर ठेवले, गाठोडं काढून आपल्या काखोटीला मारलं. "खाऊन ये मागनं," म्हणाली आणि चालू लागली. तो कान देऊन ऐकत राहिला. पाचवं वळण. सहावं. ओवी तुटली नाही. सातव्याच्या पलीकडं ती ऐकू येईनाशी झाली.

तो वर पोचला, तेव्हा झोपडीतून बाळाचं रडणं येत होतं. नाळ गळ्याभोवती आवळली होती, ती सुईणीनं वेळेत सोडवली होती. आणखी थोडा उशीर झाला असता, तर या खेपेलाही सारं हातचं गेलं असतं. सुईण दाराशी बसून मनसोक्त रडत होती. वर्षभराचं रडू होतं ते.

गावात परतल्यावर वस्तादानं तालमीची किल्ली पुढं केली. पठ्ठ्यानं हात पुढं केला नाही. "आधी एक सांगा, वस्ताद. हे भिंतीवर लिहिलं कोणी?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मीच. विसाव्या वर्षी, एका कुस्तीआधी, माझं मला विसराय होऊ नये म्हणून. चाळीस वर्षं वाट बघतोय, कोणी इचारतंय का!" आणि त्यानं किल्ली त्याच्या हातात कोंबली.

नव्या वस्तादानं त्याच दिवशी भिंतीला चुना फासला. दुसऱ्या सकाळी गावचा कुंभार कंबर धरून दारात आला आणि सवयीनं भिंतीकडं बघू लागला. भिंत कोरी होती. वस्ताद त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "सांगा, कुठं दुखतंय?"

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्याला माणूस घडवायचा आहे, त्यानं सांगायला शिकण्याआधी विचारायला शिकावं.