हिरामणचे वाक्य

"...मग चूक कोणाची, शास्त्रीबुवा? उद्या हिरामणची बायको हेच विचारील. तिला काय सांगू?"

कौस्तुभ ताठ बसून बोलत होता. साध्या मराठीत लिहिलेला नियम यंत्राने पाळावा, अशी संगणकभाषा त्याने घडवली होती. वाक्याचा अर्थ लावण्याची मूळ विद्या समोर बसलेल्या त्र्यंबकशास्त्र्यांची.

"नियम कोणी लिहिला होता?"

"हिरामणनेच. बंधाऱ्यावरचा रखवालदार. 'पाणी चढले किंवा दार उघडले आणि रखवालदार नसला, तर भोंगा वाजव.'"

"पुढे?"

"'किंवा' आणि 'आणि' हे दोन ऑपरेटर, म्हणजे जोडशब्द, एकत्र आले, की माझा पार्सर, म्हणजे वाक्य फोडून अर्थ लावणारा भाग, डावीकडून जोडत जातो. पाणी किंवा दार, ही एक जोडी. शिवाय रखवालदार नसला पाहिजे. भाषेच्या पुस्तिकेत तसे स्वच्छ छापले आहे. त्या दुपारी पाणी चढले. हिरामण चौकीतच होता. अंगात ताप, भोंग्याच्या भरवशावर निजलेला. तो हजर होता, म्हणून..."

"म्हणून भोंगा गप्प."

"चौकी वाहून गेली. तोही गेला. पण पार्सर नियमाबाहेर गेला नाही, बुवा!"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले.

"ते वाक्य मोठ्याने वाच."

"पाणी चढले..." कौस्तुभने श्वास घेतला. "...किंवा दार उघडले आणि रखवालदार नसला..."

शास्त्रीबुवांनी हात वर केला.

"श्वास कुठे घेतलास?"

कौस्तुभचा चेहरा उतरला.

"पाण्यानंतर. म्हणजे नुसते पाणी चढले, तरी भोंगा वाजायला हवा होता."

"दोन अर्थ निघतात, हे तुझ्या पार्सरला कळत नव्हते?"

"कळत होते."

"मग तो अडला का नाही?"

"अडणारी भाषा लोक टाकून देतात. माझी भाषा कोणालाही अडवीत नाही, असा तिचा लौकिक आहे."

"फार सुशील हो तुझी भाषा! कोणाला उलट प्रश्न म्हणून करीत नाही."

कौस्तुभने मान खाली घातली. ताठपणा केव्हाच गेला होता.

"मी क्रम बदलतो, बुवा. 'आणि' आधी जोडतो. आजच."

"आणि उद्या एखाद्याच्या मनात पहिलाच अर्थ असला तर?"

"तर मग..." त्याचा आवाज चिरकला. "मनातले मला कसे कळावे? हिरामणला आता मी कुठे जाऊन विचारू?"

शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिले.

"तो होता, तेव्हा कोणी विचारले?"